सांतियागो–मेंदोसा : घड्याळावर विश्वास किती ठेवावा

चिलीतलं सांतियागो आणि अर्जेंटिनातलं मेंदोसा, मध्ये अँडीज पर्वत. या दोन विमानतळांमधलं अंतर विचारलं की कुठलंही संकेतस्थळ तत्परतेनं सांगतं: १९६ किलोमीटर, उड्डाणाची वेळ ४५ मिनिटं. त्यातलं १९६ बरोबर आहे. ४५ मिनिटं कुठून आली हे मात्र बघायला हवं, कारण या एका टप्प्यावर अंतरावरून वेळ काढण्याच्या सवयीनं माणसं मेली आहेत.

आधी अंतर. ते कागद-पेन्सिलीवरही निघतं. सांतियागोचा विमानतळ ३३.३९ अंश दक्षिण, ७०.७९ अंश पश्चिम. मेंदोसाचा ३२.८३ दक्षिण, ६८.७९ पश्चिम. अक्षांशांतला फरक ०.५६ अंश, एका अंशाचे सुमारे १११.२ किलोमीटर धरले तर ६२ किलोमीटर. रेखांशांतला फरक २ अंश, पण रेखांश ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं, म्हणजे ०.८३८ नं गुणायचं. आले १८६ किलोमीटर. आता शाळेतला पायथागोरस: ६२ चा वर्ग अधिक १८६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. १९६. इतक्या कमी अंतराला पृथ्वीची गोलाई धरली काय, न धरली काय, फरक किलोमीटरच्या आतला. पृथ्वी पूर्ण गोल मानली की ध्रुवांशी थोडी चपटी मानली, यानंही फार तर किलोमीटरभर इकडचं तिकडे होतं.

कुठे १८० हा आकडा दिसला तर तोही खोटा नाही. ते शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचं अंतर. सांतियागोचा आर्तुरो मेरिनो बेनीतेस विमानतळ शहराच्या वायव्येला, पुदावेल भागात आहे, म्हणजे पर्वतापासून आणखी लांब. मेंदोसाचा गाब्रिएली विमानतळ, ज्याला तिथले लोक अजून एल प्लुमेरियोच म्हणतात, शहराच्या उत्तरेला. हे दोन सरकवले की पंधरा-सोळा किलोमीटर वाढतात.

आणि ४५ मिनिटं? बहुतेक संकेतस्थळांचं सूत्र ठरलेलं असतं: अंतर भागिले ताशी ८०० किलोमीटर, अधिक चढण्या-उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास. १९६ ला ८०० नं भागलं की पंधरा मिनिटं, त्यात तीस मिळवली, झाली पंचेचाळीस. या सूत्राला मध्ये पर्वत आहे की समुद्र, याची खबर नसते. विमान कंपनीच्या वेळापत्रकात हाच टप्पा तासाभराचा असतो, कारण ती वेळ चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंतची. प्रत्यक्ष हवेत साधारण ३५ ते ४५ मिनिटं. म्हणजे सूत्राचं उत्तर खऱ्याच्या जवळपास येतं, पण ते योगायोगानं.

या रेषेवर बोट ठेवून पूर्वेकडे निघालं तर पहिल्या ५५-५६ किलोमीटरांवर एल प्लोमो नावाचं शिखर लागतं, उंची ५,४२४ मीटर. सरळ रेषा जवळजवळ त्याच्या डोक्यावरूनच जाते. (याच शिखरावर १९५४ साली इंका काळात बळी दिलेल्या एका लहान मुलाचा गोठलेला देह सापडला. त्या काळी माणसं पायी तिथवर चढत होती.) आणखी पुढे, रेषेच्या निम्म्या वाटेवर, उजवीकडे सुमारे सत्तावीस किलोमीटरांवर साडेसहा हजार मीटरचा तुपुंगातो, आणि जवळपास त्याच्या समोरच, डावीकडे पंचावन्न किलोमीटरांवर आकोंकाग्वा, ६,९६१ मीटर. आशिया सोडला तर जगात याहून उंच डोंगर नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तशी चार एकावर एक रचली तरी आकोंकाग्वाची टोपी वर उरते.

आता विमानाचं गणित मांडू. सांतियागोची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ४७४ मीटरवर. ए-३२० सारखं जेट मिनिटाला दोन-अडीच हजार फूट चढतं आणि चढताना मिनिटाला दहा-अकरा किलोमीटर पुढेही सरकतं. ५६ किलोमीटरांवरच्या एल प्लोमोपर्यंत पाचेक मिनिटं मिळतात, म्हणजे बारा-तेरा हजार फूट. शिखर आहे पावणेअठरा हजार फुटांवर, आणि डोंगराळ मुलखात नियमानं शिखराच्या वर दोन हजार फुटांची मोकळीक ठेवावी लागते. सात हजार फूट कमी पडतात. थोडक्यात, सरळ जाताच येत नाही. विमानाला आधी चिलीच्या मधल्या खोऱ्यावर उत्तर-दक्षिण फिरून उंची कमवावी लागते आणि मगच तोंड पर्वताकडे करता येतं. आकोंकाग्वाच्या पट्ट्यात शिखर अधिक दोन हजार म्हणजे जवळपास पंचवीस हजार फुटांच्या खाली यायचं नाही.

धावपट्ट्यांची दिशाही मदत करत नाही. दोन्ही गावांच्या धावपट्ट्या उत्तर-दक्षिण, आणि प्रवास पूर्व-पश्चिम. सांतियागोत बहुतेक दिवस वारा दक्षिणेचा, म्हणून विमानं दक्षिणेकडे तोंड करून उडतात आणि उत्तरेकडून उतरतात. मेंदोसाहून आलेल्या विमानाला पर्वत ओलांडल्यावर खोऱ्याच्या उत्तरेला जाऊन, खाली येऊन, मग दक्षिणेकडे वळावं लागतं. दोन्ही टोकांची ही वळणं १९६ च्या आकड्यात नाहीत.

आणि मग वारा. या अक्षांशांवर वरची हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, तिचा जोर सगळ्यात जास्त; पंचवीस-तीस हजार फुटांवर शंभर नॉटचा वारा (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ही तिथं बातमी होत नाही. विमानाचा हवेतला वेग ४२० नॉट धरला तर मेंदोसाकडे जाताना जमिनीवरचा वेग ५२०, परत येताना ३२०. १९६ किलोमीटर म्हणजे १०६ सागरी मैल. सगळंच अंतर या वेगानं कापलं असं मानलं तर जाताना बारा मिनिटं, येताना वीस. जेटच्या बाबतीत हा फरक वैमानिकाच्या कॉफीपुरता. पण विमान संथ असेल आणि खालचं काही दिसत नसेल, तर हाच फरक जिवावर बेततो.

२ ऑगस्ट १९४७. 'स्टार डस्ट' नावाचं लँकेस्ट्रियन जातीचं ब्रिटिश विमान ब्वेनोस आयरेसहून सांतियागोला निघालं. आत अकरा माणसं. ढगांवरून, चोवीस हजार फुटांवरून ते पर्वत ओलांडत होतं. खाली काहीच दिसत नव्हतं, तेव्हा जागा ठरवायची ती घड्याळ आणि वेगावरून. ५ वाजून ४१ मिनिटांनी त्यानं मोर्समध्ये कळवलं की ५:४५ ला सांतियागोला पोहोचतो, आणि शेवटी 'स्टेंडेक' असा एक शब्द तीनदा पाठवला. त्या शब्दाचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. पुढे पन्नास वर्षं विमानाचा पत्ता नव्हता. १९९८ साली गिर्यारोहकांना तुपुंगातोच्या हिमनदीच्या पायथ्याशी त्याचं इंजिन दिसलं, २००० साली अर्जेंटिनाच्या लष्कराची तुकडी वर गेली, आणि उलगडा झाला. पोहोचायला चार मिनिटं उरली असं जे विमान सांगत होतं, ते सांतियागोच्या पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरांवर होतं, पर्वताच्या अलीकडच्याच बाजूला. समोरून येणाऱ्या वेगवान उंच हवेच्या झोताची, ज्याला आज जेट स्ट्रीम म्हणतात, तेव्हाच्या वैमानिकांना नीट ओळख नव्हती. घड्याळ म्हणत होतं पर्वत मागे पडला. विमान खाली यायला लागलं. आणि खाली पर्वतच होता. कोसळलेला बर्फ अवशेषांवर बसला आणि हिमनदीनं ते पोटात घेतले. हिमनदी सरकते, म्हणून अर्ध्या शतकानं तिनं ते खालच्या अंगाला आणून टाकले.

पंचवीस वर्षांनी तेच पुन्हा झालं. १३ ऑक्टोबर १९७२. उरुग्वेच्या हवाई दलाचं फेअरचाइल्ड विमान, आत रग्बीचा संघ आणि त्यांची माणसं, एकूण पंचेचाळीस. आदल्या दिवशी मोंतेविदेओहून निघालेलं, पण हवामान खराब म्हणून मेंदोसाला मुक्काम पडला. या विमानाला मेंदोसाहून सरळ पश्चिमेला जाणं झेपणारं नव्हतं. भरल्या वजनानं त्या शिखरांवरून सुरक्षित अंतर ठेवून जाण्याइतकी उंची त्याला सहज मिळत नव्हती. म्हणून ठरलेली वाट अशी: मेंदोसाहून दक्षिणेला मालार्ग्वे, तिथून पश्चिमेला वळून कमी उंचीच्या प्लांचोन खिंडीवरून चिलीतलं कुरिको, आणि कुरिकोवरून उजवीकडे वळून उत्तरेला सांतियागो. नकाशावर मोजलं तर १९६ च्या जागी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास.

प्लांचोन ते कुरिको हा टप्पा एरवी अकरा मिनिटांचा. वैमानिकांनी ३:२१ ला प्लांचोन कळवलं आणि ३:२४ ला कुरिको. अकरा मिनिटांची वाट तीन मिनिटांत, तीही समोरून वारा असताना! खाली ढगांचा थर. सांतियागोच्या नियंत्रकाकडे ते विमान दिसण्याची सोय नव्हती. विमान सांगेल ते खरं. त्यानं उत्तरेला वळायची आणि खाली यायची परवानगी दिली. विमान वळलं ते पर्वतांच्या मधोमध. साडेतीन हजार मीटरच्या वर, अर्जेंटिनाच्याच हद्दीत ते पडलं. बहात्तर दिवसांनी सोळा जण जिवंत परतले, आणि जगाला आठवतात ते हे बहात्तर दिवस. उड्डाणाचा विचार करणाऱ्यानं मात्र त्या तीन मिनिटांपाशी थांबावं. इतकी उघड विसंगती विमानात आणि जमिनीवर, दोन्हीकडे कानाआड गेली.

दोन्ही अपघातांतली विमानं पश्चिमेकडे चालली होती, हेही लक्षात घेण्यासारखं. पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी असतो. अंदाज चुकला तर वैमानिक समजतो त्याच्या पुढे पोहोचलेला असतो, म्हणजे सपाट मेंदोसावर. पश्चिमेकडे जाताना चूक झाली की तो मागे, शिखरांवरच राहतो. एकाच वाटेची एक दिशा चूक पोटात घालते, दुसरी घालत नाही.

जुन्या लोकांनी हा पर्वत घड्याळावर नव्हे, डोळ्यांनी ओलांडला. चिलीच्या दागोबेर्तो गोदोयनं १२ डिसेंबर १९१८ ला छोट्या ब्रिस्टल विमानातून सांतियागोहून मेंदोसाची बाजू गाठली, ती उंच शिखरांच्या पट्ट्यातूनच. १ एप्रिल १९२१ ला फ्रान्सची अद्रियेन बोलां उलट दिशेनं, मेंदोसाहून सांतियागोला गेली. विमान कॉद्राँ जी-३, इंजिन ८० अश्वशक्तीचं. आजच्या लहान मोटारीला याहून ताकदवान इंजिन असतं. ते विमान चार हजार मीटरच्या आसपास धापा टाकायचं, तेव्हा शिखरांवरून जाण्याचा प्रश्नच नव्हता. ती दऱ्यांमधून वाट शोधत गेली. चार तासांहून जास्त लागले. १९३० च्या जूनमध्ये टपाल घेऊन सांतियागोहून मेंदोसाकडे निघालेला आँरी गियोमे वादळात सापडला आणि दियामांते सरोवराच्या काठी त्याचं पोतेझ-२५ उलटलं. तो बर्फातून पाच दिवस चालत खाली आला.

आजच्या जेटला यातलं काही भोगावं लागत नाही. उपग्रहावरून जागा कळते, जमिनीवरचा वेग पडद्यावर आकड्यात दिसतो, समोर डोंगर असेल तर यंत्र ओरडतं. तरी या टप्प्याचा आराखडा अजून पर्वत पाहूनच करतात. प्रश्न साधे असतात. मधोमध असताना एक इंजिन बंद पडलं तर? एका इंजिनावर विमान वरची उंची टिकवू शकत नाही, हळूहळू खाली सरकतं. केबिनमधला हवेचा दाब गेला तर? एरवी दहा हजार फुटांपर्यंत झपाट्यानं उतरायचं असतं, पण इथे खाली बावीस हजारांचे डोंगर. प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू बहुधा रासायनिक डब्यांतून येतो आणि तो प्रकारानुसार साधारण १२ ते २२ मिनिटं पुरतो. म्हणून निघण्याआधीच वाटेवर बिंदू आखलेले असतात: या बिंदूच्या आत काही झालं तर मागे फिरायचं, त्यानंतर झालं तर पुढेच जायचं. वैमानिकानं त्या क्षणी विचार करत बसायचं नाही. विचार जमिनीवर झालेला असतो. उंच डोंगरांचा पट्टा रुंदीला शंभर-सव्वाशे किलोमीटरचाच असल्यामुळे हे जमतं. इथे आडवं अंतर कमी असणं खरोखर कामाला येतं.

धक्क्यांबद्दल. पश्चिमेचा वारा पर्वताला आपटून वर चढतो आणि पलीकडे लाटांसारखा खाली-वर होत जातो. या लाटा वाऱ्याच्या पाठच्या बाजूला, म्हणजे अर्जेंटिनाकडे. त्यामुळे मेंदोसाला जाताना खडखडाट बहुधा कणा ओलांडल्यावर, उतरताना होतो, आणि मेंदोसाहून निघाल्यावर चढतानाच सुरू होतो. खिडकीतून बहिर्वक्र भिंगासारखे, कडा घासून काढल्यासारखे स्थिर ढग दिसले तर समजावं, हवा तिथं लाटेत आहे. ढग जागचा हलत नाही, पण त्यातून वारा सुसाट चाललेला असतो. कर्मचारी या टप्प्यात गाडा काढायला नाखूश असतात ते आळसानं नव्हे.

हाच वारा कधी थेट मेंदोसाच्या जमिनीपर्यंत उतरतो, तेव्हा त्याला सोंदा म्हणतात. चिलीच्या बाजूला पाऊस-बर्फ टाकून हवा कोरडी होते, आणि उतारावरून खाली येताना दाबली जाऊन तापते. ऐन हिवाळ्यात तासाभरात पारा कितीतरी अंशांनी चढतो, धूळ उठते, शाळांना सुट्टी देतात, आणि विमानतळावरची उड्डाणं खोळंबतात. सांतियागोची अडचण वेगळी: हिवाळ्यातल्या सकाळी पुदावेलवर दाट धुकं बसतं. मग लांबून रात्रभर उडून आलेली विमानं पर्वताच्या अलीकडे मेंदोसालाच उतरून धुकं विरायची वाट बघतात.

प्रवाशानं मोजायची वेळ आणखी निराळी. देश बदलतो, म्हणून विमानतळावर दोन-अडीच तास आधी. चिलीत उतरल्यावर शेती खात्याची तपासणी कडक: फळं, बिया, मध, मांस, काहीही असेल तर अर्जावर 'आहे' असंच लिहावं. लिहिलं तर फार तर वस्तू जाते. न लिहिता पिशवीत सफरचंद सापडलं तर दंड होतो, आणि रांगेत सगळ्यांसमोर होतो. घरापासून घरापर्यंत पाच तास धरावेत. रस्ता सुमारे ३६० किलोमीटरचा. उस्पायाता, पुएंते देल इंका, मग तीन किलोमीटरांचा क्रिस्तो रेदेंतोर बोगदा, १९८० मध्ये सुरू झालेला, आणि चिलीच्या बाजूला लोस काराकोलेसचा घाट, ज्याची वळणं पाहून कसारा घाट सपाट वाटेल. बसला सात-आठ तास, सीमेवर रांग असेल तर कितीही. हिवाळ्यात बर्फ पडला की रस्ता दिवसचे दिवस बंद. उन्हाळ्यात आणि हाताशी दिवस असेल तर बसच घ्यावी. विमानातून आकोंकाग्वा दिसतो खरा, पण पाच मिनिटं. मेंदोसाला जाताना डावीकडची खिडकी घ्यावी, येताना उजवीकडची, पंखाच्या पुढची.

तिकीट बघताना एक गंमत दिसेल. अर्जेंटिना वर्षभर एकच वेळ ठेवतो. चिली एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ तासभर मागे घेतो. त्या महिन्यांत सांतियागोहून सकाळी दहाला निघालेलं विमान मेंदोसाला बाराला पोहोचतं. आणि मेंदोसाहून सकाळी दहाला निघालेलं विमान सांतियागोला पोहोचतं तेव्हा तिथे वाजलेले असतात दहा.